पाण्यातून वजा

कोसमघाट राष्ट्रीय उद्यानात शिबिराच्या पहिल्या सकाळी सगळ्यांत आधी थुंकायला शिकवत.

"हसू नका," देवका नान्हे म्हणायची आणि म्हणता म्हणता स्वतःच हसायची. एकावन्न वर्षांच्या बाईने आठवीतल्या चाळीस पोरांना रांगेत उभे करून थुंका म्हणायचे, तर हसू येणारच. "नळीत थुंका. खाकरून नाही, शहाण्यासारखं. झाकण लावा, नाव लिहा. झालं. आता तुम्ही वजा."

"वजा म्हणजे, ताई?"

"म्हणजे उद्या पाण्यात तुमचा केस पडो, घाम पडो, शिंक पडो, डबा म्हणेल हे पोरगं आपल्या ओळखीचं आहे, याला सोडा."

डबा म्हणजे यंत्र. सरकारदरबारी त्याला लांबलचक नाव होते, पण दिसायचा चार पुडांच्या जेवणाच्या डब्यासारखा, आणि हाताळणी तेवढीच सोपी. पाण्याला जो शिवतो तो पाण्यात काहीतरी सोडून जातो: कातडीचा कोंडा, लाळ, लेंडी, खवल्यांवरचा बुळबुळीतपणा. त्या कणाकणांत त्या जिवाचा डीएनए असतो, तुटक्या धाग्यांसारखा तरंगत. एक लिटर पाणी पातळ गाळणीतून दाबून सोडायचे. पाणी जाते, धागे अडकतात. गाळणी खालच्या पुडात ठेवली की चाळीस मिनिटांत डबा ते धागे वाचतो, एकमेकांना जोडतो आणि पडद्यावर यादी देतो, इथे कोण कोण येऊन गेले त्याची. उन्हाळ्यात ऊन हे धागे तीन-चार दिवसांत कुरतडून टाकते, म्हणून यादी नेहमी ताजी.

दर यादी आपोआप दिल्लीच्या जलनोंदीत जायची. देशातल्या प्रत्येक नाल्याला शास्त्रज्ञ पुरवणे सरकारला शक्य नव्हते. आठवीतली पोरे मात्र मुबलक होती. म्हणून चार दिवसांचे हे शिबिर सगळ्या शाळांना सक्तीचे केलेले. पोरांना विज्ञान मिळे, सरकारला आकडे, आणि देवकाला नोकरी.

नोकरीचे नाव क्षेत्र-शिक्षिका. देवका उद्यानाच्या कडेच्या ढिवरटोलीतली, मासे धरणाऱ्यांच्या घरातली. नवरा लवकर गेला, ती माहेरी परतली, माहेरचेच नाव लावू लागली. तिशी उलटल्यावर दहावीला बसली, तो फॉर्म तिच्या धाकट्या भावाने, शालिकने, तालुक्याला चालत जाऊन भरला होता. पुढचे सगळे तिने ऐकून, बघून आणि शास्त्रज्ञांनी टाकून दिलेल्या कागदांतून वाचून मिळवले. आता ती केंद्रातल्या खोलीत राहायची आणि तिच्या खाकी जाकिटावर उद्यानाचा बिल्ला होता. बिल्ल्यावर वाघ नव्हता, पिवळ्या शेपटीचा बोटभर मासा होता. ढिवर त्याला हळद्या म्हणतात. उद्यानातल्या सुरई नाल्याखेरीज तो आता कुठे उरला नव्हता. त्याच्यामुळेच नाल्याच्या वरच्या अंगाचे सगळे जंगल गाभाक्षेत्र झाले होते. शिबिराशिवाय तिथे माणसाने पाऊल टाकायचे नाही.

एप्रिलच्या त्या तुकडीला देवकाने दुसऱ्या दिवशी हत्तीडोहावर नेले. पोरांनी पाणी भरले, गाळले, डब्याला कान लावून बसली. गार्गी बोरकर नावाची दोन वेण्यांची मुलगी पडद्यावरची यादी वाचू लागली.

"चितळ. रानडुक्कर. बिबट्या, मादी. पाणमांजर!" टाळ्या. "मरळ. हळद्या!" जास्त टाळ्या. यादी एकोणीस जिवांवर थांबली. शेवटची ओळ देवकाला पाठ होती, 'माणूस: वजा'. गार्गी मात्र अडखळली.

"माणूस: एक. शिबिरार्थी नाही. पुरुष. क्षेत्र-शिक्षिकेचे सख्खे भावंड." तिने वर पाहिले. "ताई, म्हणजे तुमचा भाऊ?"

पोरांनी जो कल्ला केला! डब्याने ताईंचा भाऊ ओळखला! एकाने विचारले, "माझा मामा ओळखेल का?" देवका हसली. तेवढे एक काम तिच्या चेहऱ्याने आपणहून केले. डब्याच्या कडेचा हिरवा दिवा तीनदा लुकलुकला. यादी दिल्लीला पोचली होती.

*

केंद्रप्रमुख नेत्रा परचुरे पुण्याची, पस्तिशीची, मनाने सरळ. देवकाला तिने कधी मदतनीस म्हटले नाही, कायम सहकारी म्हटले. तिने पडदा दोनदा वाचला.

"नवीन आवृत्ती आली आहे, ताई. पूर्वी डबा माणसाचे धागे सगळेच फेकून द्यायचा. आता फक्त नोंदवलेल्यांचे फेकतो, उरलेले जुळवून बघतो."

"पण भावंड कसं कळलं त्याला? शालिक थोडाच थुंकलाय नळीत."

"तुम्ही थुंकलात ना." नेत्राचा आवाज खाली आला. "सख्ख्या भावाबहिणींचे निम्मे धागे सारखे असतात. अनोळखी माणूस सापडला की डबा त्याला नोंदीतल्या प्रत्येकाशी ताडून बघतो. तुकड्या येतात नि जातात, ताई. सहा वर्षं नोंदीत राहिलेल्या तुम्ही एकट्याच."

वजा होण्यासाठी दिलेली थुंकी. पहिल्या दिवशी पहिली थुंकले मीच, असे ती पोरांना मिरवून सांगायची.

"बरं, एकदा सापडला. दंड काय?"

"दंड नाही. तीन वाचनं झाली की त्या घराचा काठावर राहण्याचा हक्क जातो. पूर्ण घराचा. मग पिंपळमाळची वसाहत." नेत्राने कोपऱ्यातल्या शीतपेटीकडे बोट केले. "आणि एकदा नाही. जुन्या गाळण्या आपण शीतपेटीत ठेवतो. दिल्लीने गेल्या वर्षीच्या सगळ्या पुन्हा वाचायला लावल्या, त्यांच्या याद्या आज सकाळी आल्या. गेल्या मे महिन्यातली एक आहे, हत्तीडोहाचीच. त्यातही तो आहे."

पिंपळमाळ नव्वद किलोमीटरवर. पक्की घरे, नळ, शाळा, दवाखाना. तळे नाही, नाला नाही.

"त्याला आपल्या नोंदीत घाला ना, मॅडम. तोही थुंकेल. वजा होईल."

"मी विचारलं, ताई. सकाळीच विचारलं." नेत्राने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फक्त विद्यार्थी किंवा शिक्षक. तो दोन्हीपैकी कोणी नाही."

*

शालिक अंगणात जाळे विणत बसला होता. त्याची बायको पंचफुला चुलीपाशी. देवकाने सगळे सांगितले. ती सांगत होती तोवर शालिकची बोटे थांबली नाहीत.

"थुंकल्या तुमी, बाई," पंचफुला चुलीकडे बघतच म्हणाली, "अन् धरलं आमाले."

"तू गप ना वं," शालिक म्हणाला.

"गपच हाय. गप राहूनच घर चाललं आमचं पिंपळमायले."

देवका शालिकपुढे बसली. "कायले जातोस तिथं? मले खरं सांग."

"तुले नाई मालूम?" त्याने पहिल्यांदा मान वर केली. "हळद्या न्याले जातो. बाबा नेत होता, आजा नेत होता. तू नाई नेले का लहानपनी? डोक्यावर मडकं घेऊन?"

तिला माहीत होते. हळद्या पावसाळ्यात वर चढतो, वरच्या डबक्यांत वाढतो, आणि उन्हाळ्यात ती डबकी आटत जातात. डोहापर्यंत पाण्याची वाट उरत नाही. ढिवर वैशाखात ते मासे मडक्यांत घालून खाली डोहात आणून सोडत. बेणे राखणे म्हणत त्याला. खायला नाही, विकायला नाही, पुढच्या सालासाठी. जंगलाला गाभाक्षेत्र नाव पडले तसे टोलीने जाणे सोडले. एकटा शालिक सोडून. देवकाला संशय होता, आणि सोयीच्या संशयाकडे माणूस बघत नाही. सहा वर्षे ती पोरांना सांगत आली होती की माणसाचा हात लागला नाही म्हणून हळद्या टिकला.

"यंदा नको जाऊ," ती म्हणाली. "तिसरं वाचन झालं तर घर जाते."

"मी नाई जात. त्या दिशी बी नुसतं पानी पाहाले गेलतो. पन डबकं थांबत नाई, बाई. पाच डबकी हायेत. पंधरा दिवसांत चिखल होते, मंग बगळे." त्याने जाळे बाजूला ठेवले. "तू जा."

"मी?"

"तुले तर तो डबा वाचतच नाई. तू वजा हाय. अख्ख्या जंगलात तू एकटीच माणूस अशी हाय का जिचं पाऊल कोनाले दिसत नाई." तो अगदी साधेपणाने बोलत होता. "पहाटं निघ. ज्या डबक्यातली मासोई त्याच डबक्याचं पानी मडक्यात घे. वरून पळसाची पानं झाक. डोहात ओतू नको भसकन. मडकं घडीभर पान्यात तरंगू दे, दोनी पानी सारखं थंड झालं का तिरपं कर. आपल्या मनानं निघतात त्या. एका पहाटं एक डबकं, दीड तासाचं काम, बस."

"जाईन मी," देवका म्हणाली.

"नक्की ना?"

"हाव म्हनलं ना. तू पाय ठेवू नको तिथं. माही शपथ घे."

त्याने शपथ घेतली. पंचफुलाने चहा दिला. साखर बेताची होती.

*

देवका गेली नाही.

कारणे होती, आणि एकेक कारण चांगले होते. सोमवारी नवी तुकडी. मंगळवारी एका पोराला ताप. बुधवारी ती पहाटे उठली, जाकीट चढवले, बिल्ला लावला आणि आरशात स्वतःकडे बघितले. गाभाक्षेत्रात शिबिराशिवाय पाऊल टाकायचे नाही, हे वाक्य ती वर्षातून शंभर वेळा म्हणायची. डबा वाचणार नाही, पण एखादा वनरक्षक बघेल. डोक्यावर मडके घेतलेली क्षेत्र-शिक्षिका! पुन्हा टोलीतली देवका. तिने जाकीट काढून खुंटीला टांगले.

गुरुवारी तिने अधिक शहाणपणाचे काम केले. नेत्राला सगळे सांगितले.

नेत्रा खुर्चीवरून उठलीच. "म्हणजे गेली शंभर वर्षं हा मासा माणसांनी वाचवलाय? ताई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" तिने तिथल्या तिथे प्रस्ताव लिहायला घेतला. वरची डबकी, खालचा डोह, मासे हलवण्याची पद्धत. 'स्थानिक जाणकार' असा एक रकाना तिने मुद्दाम घातला आणि त्यात शालिकचे नाव लिहिले. "मंजूर झाला की तो रीतसर प्रयोगातला माणूस. मग त्याचीही थुंकी नोंदीत. तोही वजा."

"किती दिवस लागतील?"

"पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नक्की. पण एक लक्षात ठेवा. तोवर कोणीही हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा. लावला तर आपोआप काय होतं आणि माणसामुळे काय होतं, हे कधी सिद्धच करता येणार नाही."

देवकाला केवढे हायसे वाटले. न जाण्याला आता विज्ञानाची परवानगी होती. शालिकला तिने फोनवर सांगितले, यंदाचं जाऊ दे, पुढच्या साली तू स्वतः येशील, कागदावर नाव आहे तुझं.

"अन् यंदाच्या मासोया?" शालिकने विचारले.

"थोड्या मरतील."

तो काही बोलला नाही. शालिकचे गप्प बसणे म्हणजे होकार, असे ती लहानपणापासून धरून चालत आली होती.

*

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी शिक्षकांची तुकडी आली. बारा जण. त्यांतले काळबांडे सर नागपूरचे, गोल पोटाचे, उत्साही. "मॅडम, आमच्या शाळेची पोरं एकोणीस मोजून गेली म्हणतात. आम्ही मास्तर लोक. वीस झालेच पाहिजेत, नाहीतर पोट्टे वर्गात बसू देणार नाहीत."

हत्तीडोहावर पोचताच देवकाला कळले.

पाणी हलत होते. काठच्या उथळात पिवळ्या शेपट्यांची नुसती दाटी होती, एप्रिलात होती त्याच्या कितीतरी पट. खडकावर पळसाची पाने पडली होती, कडेने वाळलेली, मध्ये अजून हिरवी. काल पहाटेची. फार तर परवाची.

बाकीच्या कोणाला त्यात काही दिसले नाही. जंगलात पानेच असणार. तिने बोलता बोलता ती पायाने पाण्यात सारली.

आता एकच गोष्ट करायची होती. वीस पावलांवर वरच्या अंगाला एक छोटे डबके होते, डोहापासून तुटलेले. त्यात हळद्या नसत, म्हणजे शालिकचा हात त्याला लागला नसणार. 'आज आपण तिथलं पाणी घेऊ,' एवढे म्हटले असते तर बारा शिक्षक मेंढरांसारखे तिकडे गेले असते. यादी आठ-दहावर थांबली असती. काळबांडे सर जरा हिरमुसले असते. बस.

"कुठून घ्यायचं, मॅडम?" सरांनी बाटलीचे झाकण काढले.

सहा वर्षांत तिने एकदाही खोटे पाणी घेतले नव्हते. एकही नमुना नाही. तिच्याकडे पदवी नव्हती, इंग्रजी नव्हते. होता तो हाच एक मान, की देवकाताईंचे पाणी डोळे झाकून घ्यावे. शिवाय समोर डोह भरून आला होता, तिने आयुष्यात बघितला नव्हता तसा, आणि बघायला बारा मास्तर उभे होते. खरेपणा होता की मिजास, हे तिला पुढे वर्षभरात ठरवता आले नाही.

"इथूनच घ्या," ती म्हणाली.

तेवीस जीव आले. काळबांडे सर लहान मुलासारखे नाचले. पाणमांजरी दोन निघाल्या, एक मादी, एक तिचे पिल्लू. शेवटची ओळ सरांनी मोठ्याने वाचली आणि कौतुकाने म्हणाले, "वा! मॅडम, हे काय, तुमचे बंधूपण येतात का शिबिराला?"

"नाही," देवका म्हणाली. "त्याला शिबिराची गरज नाही."

हिरवा दिवा तीनदा लुकलुकला.

*

ट्रक पंधराव्या दिवशी आला. नेत्राने तीन अर्ज केले होते; तिन्हींना एकच उत्तर आले, की वाचन अचूक आहे. अचूक होतेच.

पंचफुला समोर ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली, ती वळून बघेना. शालिक मागे सामानात चढला होता. देवका फळीला धरून खाली उभी.

"शपथ घेतली होतीस तू."

"तू बी हाव म्हनली होतीस."

ट्रकचे इंजिन सुरू झाले.

"तेवीस आले म्हने?" शालिकने विचारले.

"हाव."

"पयले किती होते?"

"एकोणीस."

त्याने हिशेब जमल्यासारखी मान हलवली. आणि तिला दिसले, त्या चेहऱ्यावर तिच्यासाठी राग नव्हता. अभिमान होता, आणि तो लपवायची त्याला लाज वाटत नव्हती. त्याने शिव्या दिल्या असत्या तर ती कदाचित त्या रात्री झोपली असती.

*

पुढच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी प्रस्ताव मंजूर होऊन आला. नेत्रा कागद फडकवत धावत आली. स्थानिक जाणकार: शालिक नान्हे. नोंदणीस परवानगी. अट एकच. बारा मे रोजी विद्यार्थ्यांसमक्ष वरच्या पाच डबक्यांतले मासे मोजायचे. मासे अडकून मरतात असे दिसले तर प्रयोग सुरू, आणि शालिकला बोलावणे. त्याच्या घराचाही फेरविचार होईल, असे खाली बारीक अक्षरात होते. ते नेत्राने बोट ठेवून दाखवले.

पण त्या साली ऊन लवकर चढले. चार मेला देवका तुकडी घेऊन वरच्या अंगाला गेली, तेव्हा डबक्यांत घोट्याएवढे पाणी होते. बगळे येऊन बसले होते. तिने बोटाने पाणी पाहिले, कोमट. बारा तारखेपर्यंत सगळेच गेले असते.

तिने पिंपळमाळला फोन लावला. पंचफुलाने उचलला.

"ते शाळेच्या फाटकावर हायेत. पहारेकरी. फोन नेऊन देते." थोड्या वेळाने, जरा खालच्या आवाजात: "बऱ्या हाय ना, बाई?"

शालिक फोनवर आला. तिने प्रस्तावाचे सांगितले, अटीचे सांगितले, पाण्याचे सांगितले. "बारा तारखेला मेलेल्या मासोया दिसल्या पायजेत, शालिक. तवा तू परत येशील. दिसल्या नाई तर—"

"किती पानी हाय म्हनली?"

"घोट्याले."

"बगळे?"

"आले."

पलीकडे शाळेची घंटा वाजली, पोरांचा गोंगाट झाला. तो ओसरेपर्यंत शालिक थांबला.

"माह्यासाठी मासोया मारू नको, बाई," तो म्हणाला. "उद्या पहाटं निघ."

"तुह्या घराचा फेरविचार हाय त्याच्यात."

"वाचलं तू. मी बी ऐकलं." आणि मग, फाटक सरकवल्याचा आवाज आला आणि त्याच्यामागून: "धाकली मासोई पयले ने. तिले दम कमी असते."

ती गेली. जाकीट घातले नाही. जुने लुगडे, डोक्यावर चुंबळ, मडके. पहिल्या खेपेला मान दुखली, दुसऱ्या खेपेला पायाला आठवले कुठे वळायचे ते. मडके डोहात तरंगत ठेवले, दोन्ही पाणी एक होऊ दिले, तिरपे केले. हळद्या आपल्या मनाने बाहेर निघाले. एक वनरक्षक दिसला. त्याने हात वर करून नमस्कार केला आणि पुढे गेला. क्षेत्र-शिक्षिका पाणी तपासत असेल, असेच त्याला वाटले असणार. पाच पहाटांत पाचही डबकी रिकामी झाली. शालिक म्हणाला होता तसे, रोज दीड तास. फक्त दीड तास. शेवटच्या पहाटे ती डोहाकाठी बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

बारा मेला नेत्रा तीस मुले घेऊन वर चढली. पाचही डबक्यांत भेगाळलेला चिखल होता. मेलेला मासा एकही नाही. काटा नाही, खवला नाही. मुलांनी खाली डोहाचे पाणी घेतले. हळद्या भरपूर. पाणमांजर आहे. माणूस: वजा.

"पण मग मासे खाली आले कसे?" एका मुलीने विचारले.

"स्वतःच आले असणार," दुसरा म्हणाला. "पाणी असताना. हुशार असतात ते."

नेत्राने त्या चिखलाकडे बघितले. मग देवकाकडे बघितले. देवकाच्या कपाळावर, केसांच्या रेषेत, चुंबळीने उठलेला लाल वळ होता.

"ताई," ती अगदी हळू म्हणाली, "काही सांगायचं आहे का?"

सांगायचे होते. सांगितले असते तर सहा-सात वर्षांची सगळी वाचने संशयात गेली असती, नोंदीतून तिचे नाव गेले असते. मग पुढच्या वैशाखात, डब्याला न दिसता या डबक्यांपर्यंत येऊ शकेल असे एकही माणूस या जंगलात उरले नसते. आणि न सांगता शालिकचे नाव त्या कागदावर आज इथेच मरत होते.

"नाही, मॅडम," देवका म्हणाली.

नेत्राने मान वळवली. तिने पुन्हा विचारले नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. अहवालाचा तक्ता मुले भरू लागली. निष्कर्ष: हळद्या मासा उन्हाळ्यात आपोआप डोहात स्थलांतर करतो. प्रयोगाची आवश्यकता नाही.

"ताई, 'मानवी हस्तक्षेप' या रकान्यात काय लिहू?" मुलीने पेन उचलून विचारले.

"डबा काय म्हणतो?"

"शून्य."

"मग शून्य लिही."

मुलीने सुबक, गोल शून्य काढले आणि तक्ता पुढे केला. खाली क्षेत्र-शिक्षिकेच्या सहीची जागा होती. देवकाने गुडघ्यावर कागद धरला आणि सही केली.